दोन अठराचे की चार पंधराचे? गावाकडच्या कार्यक्रमांसाठी बेस केवढे आणि किती घ्यावेत

माणगंगा :

नमस्कार मंडळी. विटा-आटपाडी भागात माझा छोटा साउंडचा धंदा आहे. मिरवणुकीची कामं मी घेत नाही आणि पुढंही घ्यायची नाहीत. सप्त्यातली कीर्तनं, भजनी मंडळं, शाळांची स्नेहसंमेलनं, साखरपुडे, हळदी आणि हंगामात अधूनमधून ऑर्केस्ट्रा. माणसं बहुतेक वेळा अडीचशे ते चारशे. निम्मी कामं उघड्यावर, म्हणजे देवळापुढच्या पटांगणात. बाकीची मंगल कार्यालयात, जिथं वर पत्रा असतो.

सध्या माझ्याकडं आतच अँप असलेले बाराचे (बारा इंची स्पीकरचे) दोन टॉप, म्हणजे लोकांसाठीच्या मुख्य पेट्या, सोळा चॅनेलचा मिक्सर आणि स्टेजवरच्यांना ऐकू यायला दोन मॉनिटर आहेत. बेस, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारी वेगळी पेटी, एकही नाही. हळदीला गाणी लावली की पोरं बेस मागतात, आणि मिक्सरवरून लो वाढवला की टॉप फाटल्यासारखे वाजतात. पण मला खरी टोचणी कीर्तनाची आहे. आमच्या भागात पखवाज वाजवणारी फार तयारीची मुलं आहेत. पहिल्या दोन ओळींत बसलेल्यांना त्यांचा हात ऐकू येतो. मागं बायका-म्हातारी माणसं बसतात, तिथं नुसती टकटक पोचते. कणीक लावलेल्या बाजूची घुमक पोचतच नाही.

दोन ठिकाणी चौकशी केली. एक जण म्हणतो, पंधराचे चार घे. दुसरा म्हणतो, अठराचे दोन बास. तिसरा एक जण स्कूप, म्हणजे भोंग्याच्या जातीची बेसपेटी, घ्या म्हणून मागं लागलाय, बेस लांब फेकतो म्हणतो. बजेट प्लायच्या पेट्या, अँप आणि केबल धरून दीड लाखाच्या आसपास. गाडी छोटा हत्ती. उचलायला मी आणि चुलतभाऊ, तिसरा माणूस रोज मिळत नाही. वीज बहुतेक वेळा मंडपवाल्याच्या ५ केव्हीएच्या जनरेटरवर, त्यावरच त्याचे लाइटही असतात.

केवढे आणि किती घ्यावेत? आणि ठेवायचे कुठं? सगळे एकेक बेस दोन्ही टॉपच्या खाली ठेवतात, तेच बरोबर का?


खर्जातला :

माणगंगा, पखवाजासाठी बेस घेणारा माणूस भेटला याचा फार आनंद झाला. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी कराडचा. भोंगे आणि कॅसेटच्या काळापासून या धंद्यात आहे, नाटकाच्या दौऱ्यांवर बरीच वर्षं काढली, आता मुख्यतः शास्त्रीय गायनाच्या आणि कीर्तनाच्या बैठकी करतो.

माझं मत आधी सांगतो : अठराचे दोन, पुढं पोर्ट (हवा जायचं भोक) असलेल्या साध्या पेटीतले, दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे. आणि ते दोन्ही एकत्र ठेवायचे. टॉपखाली एकेक ठेवायचा नाही.

दोन पुरतात का, ते मोजून बघू. अठराच्या बऱ्या स्पीकरच्या माहितीपत्रकावर एक वॅटला एक मीटरवर ९७ डेसिबल लिहिलेलं असतं. हजार वॅट दिले की त्यात ३० मिळवायचे, झाले १२७. कॉइल तापली की तीनेक पडतात. शिवाय पत्रकावरचा आकडा शंभर हर्ट्झच्या आसपासचा असतो. चाळीस-पन्नासला पेटी तेवढी देत नाही, म्हणून आणखी सहा वजा करा. ११८ उरले. दुसरी तशीच पेटी शेजारी ठेवून तिलाही तिचे हजार वॅट दिले की ६ वाढतात : तीन जास्तीच्या वॅटचे आणि तीन दोन्ही स्पीकरचे कागद (हलणारे पडदे) मिळून हवा ढकलतात त्याचे. १२४. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ पडतात, म्हणजे सोळा मीटरवर २४ गेले. तरी शेवटच्या ओळीत १०० डेसिबल बेस उभा राहतो. कीर्तनात तिथं आवाज ८५ च्या आसपास असला तरी भरपूर होतो. हळदीच्या गाण्यांत बेस बाकीच्या आवाजापेक्षा दहाएक डेसिबल वर लागतो, तोही यात बसतो. चारशे माणसांना यापुढं जायची गरज नाही, आणि पुढं गेलात तर तुमचे बाराचे टॉप कमी पडतील. बेस नेहमी टॉपच्या ऐपतीत घ्यावा.

आता जागा. ही गोष्ट आकारापेक्षा मोठी आहे आणि हिच्याकडं कुणी बघत नाही. समजा स्टेजच्या दोन टोकांना एकेक बेस ठेवला, मध्ये आठ मीटर अंतर. साठ हर्ट्झची लाट ५.७ मीटर लांब असते. मधल्या रेषेवर बसलेल्याला दोन्ही बेस सारख्याच अंतरावर, त्यामुळं तिथं दणका. पण वीस मीटर मागं जाऊन मधल्या रेषेपासून साडेसात मीटर बाजूला बसा. तिथून एक बेस दुसऱ्यापेक्षा अर्धी लाट लांब पडतो, आणि दोघं एकमेकांना मारतात. साठ हर्ट्झ तिथं जवळजवळ गायब. ऐंशीची मार बसायची जागा वेगळी, शंभरची वेगळी. म्हणजे पखवाजाची घुमक एका माणसाला मिळते आणि चार हात पलीकडच्याला नाही. कीर्तनात मधोमध बहुतेक वेळा वाट सोडलेली असते, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. म्हणजे सगळ्यात चांगला बेस त्या मोकळ्या वाटेवर पडतो! तुमची मागची माणसं घुमकीला मुकतात त्यात टॉपच्या छोट्या आकाराइतकाच या मांडणीचाही वाटा पुढं होईल, म्हणून आत्ताच सांगतोय.

दोन्ही पेट्या स्टेजच्या पुढं, मधोमध, जमिनीवर, एकमेकींना चिकटवून ठेवा. शंभर हर्ट्झची अर्धी लाट १.७ मीटर. दोन्ही कागदांचे मध्यबिंदू त्यापेक्षा जवळ असले की बेसच्या दृष्टीनं ती एकच मोठी पेटी होते, आणि ती सगळीकडं सारखं देते. मधोमध जागा नसेल, देवाची पालखी किंवा समई असेल, तर दोन्ही एकाच बाजूला ठेवा. बेस कुठून येतोय हे कानाला फारसं कळत नाही, टॉप दोन्हीकडं असले की पुरतं. फक्त टॉपना वेगळे तिवई स्टँड लागतील.

स्टेजवर किंवा स्टेजच्या पोकळीत बेस ठेवू नका. फळ्यांचं स्टेज आतून ढोलासारखं घुमतं आणि तो सगळा कंप माइकच्या स्टँडमधून वर चढतो. कार्यालयात असाल तर पेट्या भिंतीला अगदी टेकवा, किंवा भिंतीपासून चांगल्या लांब आणा. मधलं अंतर वाईट. भिंतीपासून कागद चार फुटांवर असला की भिंतीवरून परत आलेली लाट ७० हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेला मारते, आणि पखवाजाचं काम नेमकं त्याच भागात असतं. टेकवलात तर उलट भिंतच मदत करते, बेस फुकटात वाढतो.

स्कूपबद्दल : घेऊ नका. भोंग्याच्या जातीची पेटी तिच्या तोंडाच्या आकाराइतकंच खाली जाते. चाळीस-पन्नास हर्ट्झच्या लाटा सात-आठ मीटरच्या. एका स्कूपचं तोंड त्यापुढं काहीच नाही. आठ-दहा एकावर एक रचले की सगळ्यांचं मिळून एक मोठं तोंड होतं आणि तिथं ती पेटी खरी वाजते. एकटा स्कूप छातीवर लागणारा शंभर-सव्वाशेचा भाग जोरात देतो, म्हणून लांब फेकल्यासारखा वाटतो. खालचा बेस कुठलीच छोटी पेटी फेकत नाही, तो चोहीकडं सारखा पसरतो.

आणि सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते हे. बेस मिक्सरच्या मेन आउटवरून देऊ नका, ऑक्सवरून (मिक्सरच्या वेगळ्या जादा आउटवरून) द्या. म्हणजे कुठल्या चॅनेलचा आवाज बेसमध्ये जायचा ते तुमच्या हातात राहतं. पखवाज, तबल्याचा डग्गा, कीबोर्ड, ऑक्टापॅड, गाणी वाजवायचा मोबाइल : यांचाच ऑक्स उघडा. बुवांचा माइक, टाळकऱ्यांचे माइक, हार्मोनियम : पूर्ण बंद. आवाजाच्या माइकवरचं लो-कट बटण दाबलेलंच ठेवा. बुवांच्या श्वासाचा, वाऱ्याचा, माइकला हात लागल्याचा धबधबा अठराच्या कागदातून निघाला की शब्द बुडतात, आणि कीर्तन शब्दांचं आहे.

पण ऑक्सनं कुठला माइक बेसमध्ये जायचा तेवढंच ठरतं. कुठले सूर टॉपला आणि कुठले बेसला जायचे ते प्रोसेसर, म्हणजे मिक्सर आणि अँपच्या मध्ये बसणारं यंत्र, ठरवतो. तेव्हा ऑर्डर देताना दीड लाखात प्रोसेसरची जागा आधी धरा, पेट्यांची नंतर. टॉप शंभर हर्ट्झच्या खाली कापायचे, बेस शंभरच्या वर कापायचा, आणि ३५ च्या खालचं सगळं बंद. पोर्टवाल्या पेटीत पोर्टच्या सुराच्या खाली गेलं की कागदाला आतल्या हवेचा आधार राहत नाही, तो मोकळा हलतो आणि फाटतो. गावोगाव जे बेस 'उडतात' त्यांतले बरेच वॅट जास्त झाल्यानं नव्हे, या एका फिल्टरअभावी उडतात.


पंधरावाला :

खर्जातला काकांचं मांडणीबद्दलचं सगळं मान्य. आकाराबद्दल नाही.

मी बार्शीकडचा, पंधराचे चार वापरतो. माणगंगा, तुम्ही दोघंच आहात. अठराची प्लायची पेटी स्पीकरसकट पन्नास-पंचावन्न किलोच्या घरात जाते. रात्री बाराला पायऱ्यांवरून ती खाली आणायची आणि गाडीत चढवायची म्हणजे काय ते अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. माझ्या पेट्या एकेकट्यानं उचलता येतात.

दुसरं, एका कॉइलनं दगा दिला तर माझे तीन वाजत राहतात. तुमचा निम्मा बेस गेला. आणि लग्नसराईत एकाच दिवशी दोन कामं आली की मी दोन-दोन वाटून देतो.

तिसरं, साधं गणित. पंधराच्या कागदाचं क्षेत्रफळ साधारण ८५० चौरस सेंटिमीटर, अठराचं १२०० च्या थोडं वर. चार पंधरा म्हणजे ३४०० आणि दोन अठरा म्हणजे २४००. जास्त हवा कोण ढकलणार?


खर्जातला :

पंधरावाला, वजनाचा मुद्दा शंभर टक्के खरा. त्यावर माझं एकच : पेटीला चाकं लावून घ्या, चांगली चार इंची, मागच्या बाजूला. आणि गाडीच्या फाळक्याला टेकवायला फळी ठेवा. छोट्या हत्तीचा हौदा सातेक फूट लांब आणि पाच फुटांच्या आत रुंद. दोन अठरा, दोन टॉप, स्टँड आणि मिक्सरची पेटी त्यात आरामात बसतात. चार पंधराही बसतात, पण मग वर रचावं लागतं.

क्षेत्रफळाचं गणित मात्र अर्धंच आहे. हवा किती ढकलली ते क्षेत्रफळ आणि कागद किती पुढंमागं जातो या दोन्हींच्या गुणाकारावर ठरतं. धंद्यातला नेहमीचा पंधराचा स्पीकर एका दिशेला सहा-सात मिलिमीटर नीट जातो. चांगला अठरा बारापर्यंत जातो. चार पंधरा : ३४०० गुणिले ०.७, म्हणजे २४०० घन सेंटिमीटरच्या जवळ. दोन अठरा : २४०० गुणिले १.२, म्हणजे २९०० च्या जवळ. आणि खाली जाताना मागणी कशी वाढते बघा. ऐंशी हर्ट्झला जेवढा आवाज मिळतो, तेवढाच चाळीसला हवा असेल तर चौपट हवा ढकलावी लागते. त्यामुळं हा फरक खालच्या टोकालाच लागतो.

म्हणून प्रश्न असा विचारायचा : चाळीस हर्ट्झ लागतात का? पखवाज आणि डग्ग्याला साठच्या खाली फारसं काही नाही. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची. हळदीच्या रेकॉर्डेड गाण्यांत चाळीस-पन्नासचं भरपूर असतं. नुसती कीर्तनं-भजनं असती तर मी तुमच्याच बाजूनं बोललो असतो, आणि चार कशाला, पंधराचे दोन पुरले असते. माणगंगांना हळद आणि ऑर्केस्ट्राही करायचाय, म्हणून अठरा.

आणि खरेदीला जाल तेव्हा फक्त इंच बघू नका. स्पीकरचं माहितीपत्रक मागून घ्या. त्यात 'एक्समॅक्स' (कागद एका दिशेला किती नीट जातो तो आकडा) आणि कॉइल किती इंची ते वाचा. जास्त एक्समॅक्सचा पंधरा साध्या अठराला मागं टाकतो. जो विकणारा ते पत्रक देत नाही आणि नुसते 'पीक वॅट' सांगतो, त्याच्याकडून उठा.


सुरपेटी :

साउंड विकणाऱ्यांची चर्चा चाललीय, पण स्टेजवर बसणारीचंही ऐका. मी अभंगवाणीचे कार्यक्रम करते, सोलापूर-सांगली पट्ट्यात.

बेस आला की पटांगणातली माणसं खूश होतात आणि आमची अडचण सुरू होते. पुढून बेस जेवढा जातो तेवढाच मागं स्टेजवर येतो. तानपुऱ्याचा खर्ज त्या घुमण्यात बुडतो, मग षड्ज कुठं लावायचा ते मॉनिटरवर शोधावं लागतं. तबलजी डग्गा हलकाच वाजवतात, तरी तो मागून मोठा ऐकू येतो, म्हणून ते आणखी हात आखडतात. आणि मग तुम्ही समोरून डग्गा अजून वाढवता. हे चक्र कार्यक्रमभर चालतं. साउंडचेकला बेस बंद ठेवून आमचं बसवायचं आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर तो चालू करायचा, असं तर मुळीच करू नका. आम्ही ज्या आवाजात जुळवून घेतो तोच शेवटपर्यंत राहायला हवा.

खर्जातला दादा, बेस मागं येणारच नाही अशी काही सोय असते का? मोठ्या महोत्सवात स्टेजवर एकदम स्वच्छ असतं, ते कशामुळं?


खर्जातला :

ताई, असते. आणि दोनच पेट्यांत करता येते, म्हणूनही मी दोन सारखे म्हणत होतो. याला कार्डिओइड मांडणी म्हणतात.

दोन्ही पेट्या शेजारी न ठेवता एकामागं एक ठेवायच्या, तोंडं दोघींचीही लोकांकडं. दोन कागदांत १.३६ मीटर अंतर, म्हणजे साधारण साडेचार फूट. मागच्या पेटीचा फेज उलटा करायचा (पुढचीचा कागद बाहेर येतो तेव्हा हिचा आत जाईल असा) आणि तिला ४ मिलिसेकंद डिले, म्हणजे उशीर, द्यायचा. आवाजाला तेवढं अंतर कापायला तेवढाच वेळ लागतो. मग स्टेजकडं काय होतं? पुढच्या पेटीचा आवाज मागच्या पेटीपाशी पोचतो त्याच क्षणी मागची उलट्या फेजनं सुरू होते, आणि तिथून मागं दोघी एकमेकींना मारत जातात. लोकांकडं मात्र ६३ हर्ट्झच्या आसपास दोघींचं पूर्ण जुळतं. चाळीसला पुढंही थोडं कमी मिळतं, ही त्याची किंमत.

माणगंगा, कीर्तनाला आणि अभंगाला ही मांडणी करा. स्टेजच्या पुढं तेवढी जागा लागते, ती मंडपवाल्याला आधी सांगून ठेवा. हळदीला दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा, तिथं स्टेजवर कुणी गात नसतं. यासाठी दोन्ही बेसना अँपचं वेगवेगळं चॅनेल आणि प्रोसेसरचं वेगवेगळं आउट लागेल. प्रोसेसर घेताना सहा आउटचा घ्या, आणि दर आउटला डिले, फेज उलटवायची सोय आणि लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेपुढं जाऊ न देणारी सोय) आहे ना बघा. दोन मांडण्या दोन मेमरींत ठेवल्या की बटण दाबलं आणि झालं.


पत्र्याखाली :

मध्येच घुसतो. हॉलमध्ये सिनेमे बघायला बेस घ्यायचाय. हॉल १८ फूट बाय ११ फूट. बाराचा एक की दहाचे दोन?


खर्जातला :

दहाचे दोन. घरात जोर कमी पडत नाही, खोली त्रास देते. १८ फुटांच्या, म्हणजे साडेपाच मीटरच्या लांबीला ३१ हर्ट्झ घुमतो आणि ११ फुटांच्या रुंदीला ५१. एका खुर्चीवर बेस अंगावर येतो आणि दुसरीवर नाहीसा होतो. एक बेस टीव्हीच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा समोरच्या भिंतीच्या मध्यावर ठेवा. हे दोन्ही घुमणं बरंच दबतं. हार्मनच्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली आयताकृती खोलीत किती बेस पुरतात याचा सविस्तर अभ्यास मांडला होता. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन आणि चारही भिंतींच्या मध्यावर चार या मांडण्या त्यात फार चांगल्या ठरल्या. बाकी यासाठी वेगळा धागा काढा, तिथं बोलू.


सातबारा :

माणगंगा, मी साउंडवाला नाही, पण पंचायतीच्या कामात या तक्रारी बघतो. म्हणून एक बाजू.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सांस्कृतिक-धार्मिक प्रसंगी रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल त्याच्या पुढं जाता कामा नये.

या मर्यादा 'ए' मोजणीत आहेत, म्हणजे कानाच्या नैसर्गिक कलाप्रमाणं खालचे सूर कमी धरून. ५० हर्ट्झला त्यात तीस डेसिबल वजा होतात. त्यामुळं मीटरवर आकडा साधा दिसतो आणि शेजारच्या घरात भांडी वाजत असतात. खालचा आवाज विटांच्या भिंतीतूनही आत जातो, टॉपचा बराचसा बाहेर अडतो. तुमचा कार्यक्रम ऐकायला न आलेल्या माणसाच्या घरात फक्त बेसच पोचतो. बाळंतीण, आजारी माणसं, बारावीची मुलं सगळ्याच गल्लीत असतात. मीटर 'सी' मोजणीवर (खालचे सूर जवळजवळ पूर्ण धरणाऱ्या) करून शेजारच्या ओट्यावर एकदा बघत जा. वर जी मागं बेस न जाण्याची मांडणी सांगितलीय, तिची शांत बाजू घरांकडं करता आली तर गावाचा फार दुवा मिळेल.


माणगंगा :

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, सुरपेटीताई, पंधरावाला दादा, सातबारा साहेब, एवढं कुणी दुकानात बसून समजावलं नव्हतं.

असं ठरवतोय : अठराचे दोन, सारखे, चाकं लावलेले. दोन चॅनेलचं अँप. सहा आउटचा प्रोसेसर. टॉपसाठी तिवई स्टँड. पंधरावाला दादा, तुमचं वाटून देण्याचं पटलं, पण दोन कामं एका दिवशी घ्यायला माझ्याकडं मिक्सर आणि माणसंच नाहीत. सातबारा साहेब, आमच्या देवळाच्या मागंच घरं आहेत, पटांगण पुढं. म्हणजे कीर्तनाला जी मांडणी करायची तीच त्या घरांनाही उपयोगी पडेल, हे वाचून बरं वाटलं.

काका, अजून दोन शंका. ५ केव्हीएच्या जनरेटरवर हे चालेल ना? आणि बेस मधोमध, टॉप बाजूला आणि थोडे मागं, तर त्यांचं एकमेकांशी जुळवायचं कसं? माझ्याकडं मापायचं काही नाही.


खर्जातला :

जनरेटर : एकटं साउंड असेल तर चालतं. संगीतात अँप सरासरीनं त्याच्या ताकदीचा आठवा भाग घेतं, पण पखवाजाच्या थापेला एकदम ओढतं. त्याच जनरेटरवर मंडपाचे हॅलोजन असतील तर थापेगणिक व्होल्टेज खाली बसतं, लाइट मिचकतात आणि अँपचा आवाज फाटायला लागतो. मंडपवाल्याला एलईडी लावायला सांगा, किंवा लाइट गावच्या लाइनवर घ्या. अँप चालू करण्याआधी जनरेटर पाच मिनिटं चालू दे आणि व्होल्टेज मल्टिमीटरनं स्वतः बघा, २२० ते २४० च्या मध्ये हवं. अर्थिंगचा खिळा स्वतः ठोका, तिथं दुसऱ्यावर विसंबू नका.

केबल २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, स्पीकॉन (स्पीकरचा घट्ट बसणारा प्लग) लावून, आणि जेवढी आखूड चालेल तेवढी. आठ ओमच्या पेटीला वीस मीटरपर्यंत काही बिघडत नाही. पुढं कधी एका चॅनेलवर दोन पेट्या जोडल्यात तर ओम चारवर येतो आणि त्याच वीस मीटरमध्ये अर्ध्या डेसिबलच्या वर जातं, मग ४ चौरस घ्या.

जुळवणी : जे पुढं आहे त्याला डिले, म्हणजे तुमच्या बाबतीत बेसला. दर मीटरला २.९ मिलिसेकंद. टॉप बेसपेक्षा दोन मीटर मागं असतील तर सहापासून सुरुवात. मग फोनवर शंभर हर्ट्झचा सूर लावा, स्टेजपासून दहाएक मीटरवर, मधल्या रेषेवर उभे राहा. एकटा टॉप आणि एकटा बेस तिथं सारखे ऐकू येतील असे करा, मग दोन्ही एकत्र चालू करून बेसचा फेज उलटा करा आणि भावाला डिले अर्धा-अर्धा मिलिसेकंद हलवायला सांगा. जिथं तो सूर सगळ्यात बारीक होईल तिथं थांबा. आता फेज सरळ करा, जुळलं. मोठा आवाज शोधण्यापेक्षा बारीक शोधणं कानाला सोपं जातं. कीर्तनाच्या मांडणीत दोन्ही बेसना हा डिले सारखाच वाढवायचा, मागच्या पेटीचे चार त्याच्या वर वेगळे.

पैसे जमले की मापायचा साधा माइक घ्या, लॅपटॉपवर 'रूम ईक्यू विझार्ड' फुकट मिळतं. पेट्या आल्या की पहिल्या सप्त्यात कुठल्या मांडणीत मागच्या ओळीला पखवाज कसा पोचला ते इथं लिहा. पत्र्याच्या कार्यालयात ५० ते ८० च्या मध्ये एखादा सूर पत्रा पकडतो आणि खणखणतो. तो सापडला तर बेसच्या आउटवर तेवढाच पाच-सहा डेसिबल खाली ओढायचा, सगळा बेस कमी करायचा नाही.